पहिला बहार धरायचा नसतो

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद, संग्रामपूरकडे गेलात, तर सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा दिसतात. नवी बाग लावलेल्या एखाद्या शेतकऱ्याला विचारून पाहा, "काय भाऊ, यंदा फळ धरणार का?" तो हसेल. झाड लहान असतानाच त्याला फुलं येऊ लागतात. पण जाणता बागायतदार तो पहिला बहार धरत नाही. कोवळ्या फांदीवर ओझं पडलं तर झाडाची वाढ खुंटते, हे त्याला ठाऊक असतं. चार-पाच वर्षं तो थांबतो. मात्र या काळात तो हातावर हात ठेवून बसलेला नसतो. आळी करतो, पाणी देतो, झाडाला वळण लावतो आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत सोयाबीन, हरभरा घेऊन घर चालवतो.

मी काही बागायतदार नाही. शाळेत खेळाचा शिक्षक होतो आणि तीस वर्षं कबड्डीची पोरं घडवण्याची धडपड केली. झाडाच्या बाबतीत आपण जे शहाणपण दाखवतो, ते पोरांच्या बाबतीत का दाखवत नाही, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर फार छळतो. त्याला कारण माझाच एक मुलगा आहे. माझा म्हणजे माझ्या संघातला.

उंच, लांब हातांचा, हरणासारखा चपळ. गावच्या मातीवर खेळलेला. मॅट त्यानं पाहिलेलीही नव्हती. मी त्याला संघात घेतलं. पहिल्याच मोठ्या सामन्यात तीन चढाया केल्या आणि तिन्ही वेळा पकडला गेला. मी त्याला बाहेर बसवलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. चुकलो ते पुढं. सामना संपल्यावर मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. पुढल्या सामन्यात उतरवलं नाही, का उतरवलं नाही तेही सांगितलं नाही. पुढच्या वर्षी निवडीच्या वेळी तो आलाच नाही. मी मनात म्हटलं, पोराला जिद्दच नव्हती. किती सोपं असतं असं म्हणणं!

आता व्यावसायिक खेळात काय होतं ते पाहा. तिथं तर पैसा लागलेला असतो, मालकाला निकाल हवा असतो. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि कबड्डीपटूंचा लिलाव होऊ लागला. संघात अठरा ते पंचवीस खेळाडू असतात; मॅटवर उतरतात सात. लिलावात नावाजलेल्या खेळाडूंवर लाखो-कोट्यवधींची बोली लागते, पण त्याच्या आधी संघांना नव्या तरुण खेळाडूंच्या वेगळ्या गटातून कच्ची पोरं घेता येतात आणि पुढच्या हंगामासाठी राखूनही ठेवता येतात. ही राखून ठेवण्याची सोय मला फार महत्त्वाची वाटते. नुसतं निवडणं म्हणजे रोप आणणं. राखणं म्हणजे बाग करणं.

पुणेरी पलटणचं उदाहरण घ्या. २०२१ च्या आठव्या हंगामासाठी त्यांनी अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार हा नवखा चढाईपटू घेतला. अनुपकुमार प्रशिक्षक होते. संघात राहुल चौधरी, नितीन तोमर असे गाजलेले चढाईपटू होते, तरी हंगाम पुढं सरकला तसा चढायांचा भार अस्लम आणि मोहित गोयत या पोरांवर येत गेला. विजेतेपद मिळालं नाही. पण संघानं पोरं सोडली नाहीत. २०२२ मध्ये संघ अंतिम सामन्यात पोचला आणि जयपूरकडून २९-३३ असा हरला. इथं दुसरा एखादा संघ सगळी मांडणी मोडून बसला असता. पलटणनं तरुण फळी कायम ठेवली. महंमदरेझा शादलुई हा तयार इराणी बचावपटू मात्र २ कोटी ३५ लाख मोजून घेतला. नेतृत्व दिलं अस्लमकडे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणनं पहिलं विजेतेपद मिळवलं आणि अस्लम त्या हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. नवखा म्हणून आल्यापासून विजेता कर्णधार होईपर्यंत तीन हंगाम लागले.

हा वेळ कशाला लागतो, असं आपण विचाराल. कच्च्या चढाईपटूकडे पाय असतात, छाती असते, धाडस असतं. नसते ती नजर. चढाईला मिळतात तीस सेकंद. तेवढ्यात कोपऱ्यातल्या रक्षकाचा पाय कधी पुढं येतो, साखळी कुठून आवळत येते, बोनस घ्यावा की परत फिरावं, हे सगळं ओळखायचं. लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद व्हायचं. हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. शेकडो वेळा पकडलं गेल्यावरच अंगात मुरतं. त्यातून आपल्याकडची पोरं मातीवरची. मातीत पाय थोडा घसरतो, मॅटवर बूट घट्ट रोवतो. वळण्याची सगळी सवय बदलावी लागते आणि घोटा-गुडघा त्यासाठी आधी बळकट करावा लागतो.

अमेरिकेतही हाच धडा आहे. तिथल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे लांबुळका चेंडू हातात घेऊन खेळतात त्या खेळात, महाविद्यालयातली पोरं संघांना आळीपाळीनं निवडून घेता येतात. १९३६ पासून ही पद्धत आहे आणि साधारणपणे शेवटी राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. २००५ साली ग्रीन बे संघानं ॲरन रॉजर्स या तरुणाला चोविसाव्या क्रमांकावर निवडलं आणि ब्रेट फार्व या मुरलेल्या खेळाडूच्या मागं तीन हंगाम बसवलं. २००८ पासून संघाची धुरा त्याच्याकडे आली आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच संघानं त्याच्या नेतृत्वाखाली अजिंक्यपद जिंकलं. तीन हंगाम तो बाकावर होता, पण सरावाच्या बाहेर नव्हता. बसवणं आणि विसरणं यात एवढाच फरक आहे.

कुणी म्हणेल, "सर, आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारनं कुठं वाट पाहिली?" खरं आहे. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात अवघ्या एकोणीस वर्षांच्या या तिरंदाजानं नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत भारताच्या कंपाउंड संघाबरोबर सुवर्ण मिळवलं. पण तो आकडा जरा नीट पाहा. पंधरा बाण, दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास. असा हात एका हंगामात तयार होत नाही. आपण त्याला ओळखू लागलो २०२३ मध्ये. त्याआधीची वर्षं जगाला दिसली नाहीत. पण त्या वर्षांत त्याच्या मागं उभं राहणारं कुणीतरी होतं, म्हणून तो दिवस उगवला.

तर मग धीर धरायचा म्हणजे कायम धरायचा का? नाही. प्रत्येक रोपाचं झाड होत नाही, आणि जे होणार नाही ते वेळेवर सांगणं हीसुद्धा माणुसकी आहे. मी माझ्यापुरत्या तीन खुणा ठरवल्या आहेत. पहिली, पोरगा तीच चूक पुन्हा करतो की नवी चूक करतो? नवी चूक करणारा पुढं सरकत असतो. दुसरी, बाद झाल्यावर तो का बाद झाला हे त्याला सांगता येतं का? आणि तिसरी खूण त्याची नाही, आपली आहे: ते त्याला कुणी समजावून सांगितलं आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर पहिले दोन विचारण्याचा आपल्याला हक्क नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. थांबण्याची किंमत कोण देतं? लीगमध्ये संघ देतो. करार असतो, मानधन असतं. आपल्याकडे ती किंमत घर देतं. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा मैदानावर असतो तेव्हा शेतात सोयाबीन काढणीला आलेलं असतं, आणि बाप विचारतो, "पोलीस भरतीची तयारी कधी करणार?" त्या बापाला अधीर म्हणण्याचा अधिकार मला नाही. म्हणून संत्र्याच्या बागेतलं ते आंतरपीक मला आठवतं. पोराचं शिक्षण चालू राहिलं पाहिजे, भरतीचा अभ्यास चालू राहिला पाहिजे. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं, हे आपण शिक्षकांनी घरच्यांना बसून समजावून सांगायला हवं. मधल्या ओळीत पीक उभं असेल, तरच घर झाडासाठी थांबू शकतं.

शेवटी माझ्या त्या मुलाचं सांगतो. मध्यंतरी तो भेटला. कानशिलावर केस पिकलेले; हात धरून दहा-बारा वर्षांचा मुलगा. वाकून नमस्कार केला. मी ओशाळलो होतो. काय बोलावं सुचेना. तोच म्हणाला, "सर, याला खेळायचं आहे. तुमच्या ओळखीत कुणी शिकवत असेल तर सांगा. दोन वर्षं बाहेर बसवलं तरी चालेल." मग थोडं थांबून म्हणाला, "फक्त त्याच्याशी बोलत जा म्हणावं."

तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी मी स्वतःच मैदानावर जातो. पोरगं अजून पकडलं जातं. परवा मी विचारलं, "का रे, कसा सापडलास?" म्हणाला, "सर, बोनसकडे बघत होतो, डावा कोपरा दिसलाच नाही."

मागच्या महिन्यात त्याला हे सांगता येत नव्हतं.