राखलेला हात, सोडलेला हात

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यातील एका चौकात मातीचा लहानसा हौदा तयार होतो. जंबूसवारी निघण्याआधी त्या मातीत मल्लांच्या जोड्या उतरतात. डोकी तुळतुळीत भादरलेली, काच घट्ट कसलेली, आणि उजव्या मुठीत दातेरी वज्रमुष्टी. पूर्वी ती हस्तिदंताची किंवा म्हशीच्या शिंगाची घडवीत. इशारा होताच दोघे भिडतात; एका हाताने धरपकड, दुसऱ्या हाताने घाव. कोणा एकाच्या डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की पंच मध्ये पडतात आणि झुंज संपते. बहुधा एवढ्याला मिनिटभरही लागत नाही. या मल्लांना कानडीत जट्टी म्हणतात; मराठीतला जुना ‘जेठी’ हा शब्द त्याचाच सोयरा. दसऱ्याच्या झुंजीसाठी ते चार ठिकाणांहून येतात : म्हैसूर, चामराजनगर, चन्नपट्टण आणि बंगळूर.

यांतील बंगळूर आज अगदी निराळ्या कारणांनी ओळखले जाते. शहाजीराजांनी १६३८ नंतर जेथे आपला दरबार थाटला, त्याच गावात आता संगणकाचा व्यवसाय नांदतो. दिवसभर पडद्यासमोर बसलेली तरुण मंडळी संध्याकाळी एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, आरसे लावलेल्या दालनात जमतात. कोणी पांढरा पोशाख चढवतो, कोणी हातमोजे बांधतो. एकाच दालनात सोमवारी कराटे, बुधवारी थायलंडचे मुष्टियुद्ध, शुक्रवारी ब्राझीलची जुजुत्सू, असाही आठवडा लागतो. यांतील पुष्कळांना ओढ असते ती ‘फुल कॉन्टॅक्ट’ कराटेची, म्हणजे ज्यात घाव खरोखर अंगावर बसतो त्या कराटेची. आणि ते थोडे अंगवळणी पडले की त्याला इतर विद्यांची जोड देण्याची. जुन्या वळणाचा माणूस म्हणेल, एक ना धड भाराभर चिंध्या. त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. परंतु मिसळण हा त्या पिढीचा शोध आहे असे मात्र कोणी समजू नये.

याच शहरात के. व्ही. अय्यर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली व्यायामशाळा नावारूपास आणली. त्यांच्याकडे पाश्चात्त्य पद्धतीची वजने होती आणि त्यांच्या जोडीला सूर्यनमस्कार होते. त्या काळी सूर्यनमस्कारांचा पुरस्कार औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी करीत होते, आणि गंमत अशी की ते स्वतः आधी सँडोच्या पद्धतीने शरीर कमावून मग नमस्कारांकडे वळले होते. कराटेचे कूळही असेच मिश्र. ओकिनावा बेटावरची देशी हातघाई आणि चीनमधून आलेले डावपेच यांतून ती विद्या घडली. तिचे नाव पुष्कळ काळ ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. १९३६ साली ओकिनावातील गुरूंनी एकत्र बसून ‘रिकामा हात’ ही अक्षरे मान्य केली. जी विद्या आज शुद्ध म्हणून मिरवते, तिची पाटीसुद्धा शंभर वर्षांची नाही.

तेव्हा मिसळावे की नाही, हा वाद निरर्थक आहे. अवघड प्रश्न दुसराच आहे : घाव खरा बसू द्यायचा, तर तो कोठवर?

जगातील बहुतेक कराटे हे राखलेल्या हाताचे कराटे आहे. मूठ वेगाने सुटते आणि अंगाला लागण्याआधी बोटभर अंतरावर थांबते, किंवा ओझरता स्पर्श करून परत फिरते. यासाठी विलक्षण ताबा लागतो. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, या नियमाची कसोटी साऱ्या जगाने पाहिली. सर्वांत वजनदार गटाच्या अंतिम सामन्यात सौदी अरेबियाचा तारेग हमेदी गुणांनी पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या मानेवर-डोक्यावर अशी बसली की तो बेशुद्ध पडला. नियमाहून अधिक जोराचा आघात म्हणून हमेदी बाद झाला, आणि ज्याला शुद्ध नव्हती तो सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. लोक हसले. पण पंचांनी चूक केली असे म्हणता येत नाही. हात राखणे हीच जेथे विद्या, तेथे न राखलेला हात हा दोषच.

या राखलेल्या हाताविरुद्ध ज्याने बंड केले तो मासुतात्सु ओयामा. जन्माने कोरियन, १९२३ सालचा. त्याने फुनाकोशींच्या परंपरेतले कराटे शिकले, गोजू-र्यू शिकले, जुदोचाही अभ्यास केला. अखेर तो अशा निष्कर्षावर आला की जो घाव कधी बसलाच नाही तो बसला असता की नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. त्याने आपल्या पंथाला क्योकुशिन हे नाव दिले. तेथे मोजे नाहीत, चिलखत नाही. छातीवर, पोटावर उघड्या मुठीचा गुद्दा आणि मांडीवर नडगीची आडवी लाथ, दोन्ही पूर्ण ताकदीने. लाथ डोक्यावरही चालते. मात्र मुठीने तोंडावर मारायचे नाही. उघड्या मुठीने तोंडे फुटतात आणि मारणाऱ्याच्या हाताची हाडेही मोडतात, तेव्हा ही मर्यादा घालणे त्याला भागच होते.

फेब्रुवारी १९६४ मध्ये या पंथाचे तीन गडी बँकॉकला गेले आणि तेथील मुष्टियोद्ध्यांशी लढले. दोघे जिंकले. तिसरे, केंजी कुरोसाकी, कोपराच्या फटक्याने हरले. जिंकलेल्यांपेक्षा या हरलेल्या माणसाने अधिक शिकून घेतले असे पुढील इतिहास सांगतो. त्यांनी थायलंडची विद्या आपलीशी करून टोकियोत किकबॉक्सिंगचा एक नामांकित आखाडा उभा केला. क्योकुशिनच्याच फांदीतून निघालेल्या काझुयोशी इशी यांनी १९९३ मध्ये ‘के-वन’ नावाची स्पर्धा सुरू केली. तिच्यात मोजे आले, आणि मोज्यांबरोबर तोंडावरचा ठोसाही आला. एका नियमाने दडवलेले दुसऱ्या नियमाने उघडे पडले.

मिसळणीचे सारे मर्म या ‘दडवलेल्या’ भागात आहे. प्रत्येक विद्या आपल्या नियमांतून शिष्याच्या अंगात काही सवयी मुरवते आणि काही सवयी मुरू देत नाही. क्योकुशिनच्या गड्याची छाती दगडासारखी होते, मांड्या मार खाऊन निबर होतात. तो छातीला छाती भिडवून निर्धास्त उभा राहतो. पण त्याचे हात खाली राहतात. तोंडावर मूठ येणार नाही, हे त्याच्या शरीराने वर्षानुवर्षे गृहीत धरलेले असते. असा गडी पहिल्यांदा मोजे घालून रिंगणात उतरला, म्हणजे त्याचे धैर्यच त्याचे वैरी होते. मुष्टियोद्ध्याची गोष्ट याच्या उलट. तो तोंड झाकतो, पण पुढच्या पायावर भार देऊन उभा राहतो आणि मांडीवर लाथ बसली की लंगडतो. मोज्यांचाही एक चकवा आहे. ते प्रथम हाताचे रक्षण करतात, त्यामुळे उघड्या मुठीने जो माणूस डोक्यावर मारताना कचरला असता, तो मोजे घालून बिनदिक्कत दहा वेळा मारतो.

आपल्याकडे ही हातघाई आणि कुस्ती पूर्वी वेगळी नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे वर्ग सांगितले आहेत. जेठी या नावाचे मूळ कदाचित तेथवर जाते. १५२० च्या सुमारास विजयनगरास आलेला पोर्तुगीज प्रवासी दोमिंगो पाइश महानवमीच्या कुस्त्या पाहून चकित झाला. या कुस्त्या आपल्या देशातल्यासारख्या नाहीत, त्यांत दात पडतील आणि डोळे जातील असे ठोसे हाणतात, अशा आशयाची नोंद त्याने केली आहे. म्हैसूरच्या वोडेयरांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टणास दसरा सुरू केला तो याच विजयनगरचा वारसा म्हणून. इकडे बडोद्यात खंडेराव गायकवाडांच्या दरबारी, १८६० च्या दशकात, लुई रूस्ले या फ्रेंच प्रवाशाने शिंगाची नखे हाती बांधून लढणारे मल्ल पाहिले. त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. त्या झुंजीत कौशल्य होते, पण हात थोपवणारा कोणी नव्हता; दरबाराच्या करमणुकीसाठी माणसे रक्तबंबाळ होत. म्हैसूरची वज्रमुष्टी टिकली, कारण पहिल्या थेंबाला ती थांबते.

याखेरीज मराठी मुलखात आणखी एक शहाणपण होते, ते बहुधा विसरले गेले आहे. तलवारीचा सराव खऱ्या तलवारीने पूर्ण जोरात करता येत नाही आणि राखून केला तर तो खोटा ठरतो. यावर तोड म्हणून फरीगदका आला : चामड्याची ढाल आणि चामड्याने मढवलेला दांडा. घाव खुशाल पूर्ण घालावा. भाल्यासाठी बोथाटी होती; टोकाला गोळा, तो रंगात बुडवलेला, म्हणजे घाव कोठे लागला हे अंगरख्यावर उमटे आणि वादाला जागा उरत नसे. बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेल्या दहा खंडांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त या विद्या नोंदवून ठेवलेल्या आहेत. क्योकुशिनचाच एक विजेता ताकाशी अझुमा याने १९८१ मध्ये नवा पंथ काढला, त्याला पुढे कूदो हे नाव मिळाले. त्यात तोंडावर पारदर्शक पडद्याचे शिरस्त्राण बांधून ठोसे, लाथा, फेक आणि जमिनीवरची पकड, सारे एकत्र केले आहे. फरीगदक्याच्या वस्तादाला ती कल्पना ऐकताक्षणीच कळली असती.

अर्थात शिरस्त्राणालाही मर्यादा आहे. ते कातडी फुटू देत नाही, हाड मोडू देत नाही. कवटीच्या आत हिंदकळणाऱ्या मेंदूला मात्र ते धरून ठेवू शकत नाही. जुलै २०२२ मध्ये बंगळूरला भरलेल्या राज्य पातळीवरील के-वन किकबॉक्सिंग स्पर्धेत एक तरुण खेळाडू डोक्यावरच्या ठोशाने कोसळला. रुग्णालयात त्याचा अंत झाला, आणि आयोजकांच्या हलगर्जीपणाबद्दल पोलिसांत तक्रार नोंदली गेली. त्या प्रकरणाचा न्याय करण्याची ही जागा नव्हे. परंतु ज्या कोणाला घाव खरा हवा आहे, त्याने आधी काही साधे प्रश्न विचारावेत. रिंगणाजवळ डॉक्टर आहे काय? दाराशी रुग्णवाहिका उभी आहे काय? आणि झुंज थांबवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो माणूस घड्याळाकडे पाहतो आहे, प्रेक्षकांकडे, की त्या पोराच्या डोळ्यांकडे? डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला, तरी त्या दिवशी त्या खेळाडूला पुन्हा उतरवू नये, हे वैद्यकशास्त्राने निःसंदिग्धपणे सांगितले आहे. स्पर्धेपेक्षा सरावात हा नियम अधिक मोडला जातो, कारण तेथे पाहणारे कोणी नसते, आणि ‘काही नाही, जरा गरगरले’ असे म्हणून पोरगा स्वतःच पुन्हा उभा राहतो.

थायलंडचे व्यावसायिक लढवय्ये या बाबतीत पाहण्यासारखे आहेत. त्यांच्या झुंजी वारंवार होतात, म्हणून सरावात ते एकमेकांना अगदी हलक्या हाताने, जवळजवळ खेळल्यासारखे मारतात. ताकद काढायची ती लोंबत्या पिशवीवर आणि वस्तादाने धरलेल्या गादीवर. तालीम ज्यांनी आतून पाहिली आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. तेथेही मोठा पैलवान लहानाला अंगावर घेतो तेव्हा त्याला चिरडीत नाही. त्याला डाव मारू देतो, तो चुकला तर चूक दाखवतो, आणि स्वतःची रग दुसऱ्या बरोबरीच्या गड्यासाठी राखून ठेवतो. पूर्ण ताकदीने लढण्याचे दिवस थोडे असतात, आणि ते वस्ताद ठरवतो.

मिसळणीचे कामही अशाच वस्तादाच्या नजरेखाली झाले, तर नीट होते. चार विद्यांचे चार डाव गोळा केल्याने गडी तयार होत नाही. त्याला आधी आपल्या पहिल्या विद्येने काय दडवले आहे ते दाखवावे लागते, आणि तेवढ्याच एका उणिवेवर महिनोन् महिने काम करावे लागते : कराटेवाल्याला फक्त हात वर ठेवून चालायला लावायचे, मुष्टियोद्ध्याला फक्त लाथ अडवायला लावायचे. हे कंटाळवाणे असते. पुष्कळ जण येथेच सोडून जातात.

सर्वांत कठीण शिष्य ठरतो तो मातीतला मल्ल. बेळगाव-कोल्हापूरकडच्या तालमीत घडलेला पैलवान अशा मिश्र विद्येच्या दालनात आला, म्हणजे उचलून आपटण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. पण लहानपणापासून त्याला एकच शिकवण मिळालेली असते, पाठ टेकली की कुस्ती गेली. म्हणून खाली पडताच तो क्षणार्धात पालथा होतो. आखाड्यात हे बरोबरच आहे. येथे मात्र प्रतिस्पर्धी त्याच्या पाठीवर चढतो, हात गळ्याखाली सरकवतो आणि श्वास कोंडतो. त्याला ठोसा शिकवता येतो, लाथही शिकवता येते. पण पहिले कित्येक आठवडे त्याच्याकडून एवढेच करवून घ्यावे लागते, की त्याने आपणहून उताणे पडावे, दोन्ही खांदे गादीला टेकवावेत, आणि घाबरून न उलटता तसेच पडून राहावे.