चाकांवरचं घर आणि मागची टाकी

(ईडन प्रेरी येथील मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



गेले काही महिने आपण इथे फारच गंभीर विषयांवर बोलतो आहोत. म्हणून या वेळी मला फर्मावण्यात आलं की, "तुम्ही उन्हाळ्यात आरव्ही घेऊन गेला होतात ना, त्या सहलीबद्दल सांग. जरा हलकंफुलकं!" तसा मी प्रयत्न करते. शेवटपर्यंत हलकंफुलकं राहीलच अशी हमी मात्र देत नाही.

ज्यांनी आरव्ही आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची भाड्याची गाडी पंचवीस फुटी होती. आत दोन शेगड्या, छोटा फ्रिज, दिवसा टेबल आणि रात्री पलंग होणारं बाक, आणि कपाटाएवढं न्हाणीघर. मी, नवरा, मुलगी आणि सांगलीहून आलेले माझे बाबा, असे चौघं. मुक्काम इटास्का स्टेट पार्कमध्ये, इथून साधारण सव्वादोनशे मैलांवर. पर्यावरणवादी मित्रांनी विचारायच्या आत कबूल करून टाकते, गाडी गॅलनला जेमतेम दहा मैल द्यायची. तेव्हा हा काही साध्या राहणीचा आदर्श नव्हे.

पण सुख होतं, आणि ते अगदी साधं होतं. सकाळी दार उघडलं की समोर पाइनची झाडं. शेगडीवर पोहे, हातात चहा. रात्री शेकोटीत भाजलेली कणसं, आणि तळ्यावरून येणारी लून पक्ष्याची लांबलचक साद. सकाळी सहाला उठून आलं घालून केलेला चहा लाकडी बाकावर बसून पिताना बाबा म्हणाले, "अगं, तुमच्या त्या मोठ्या घरात मला इतका निवांतपणा मिळाला नव्हता." आमच्या घरात चार बेडरूम आहेत. मी गप्प बसले.

मिसिसिपी नदीचा उगम याच पार्कात आहे. गुडघाभर पाण्यातून, दगडांवर पाय ठेवत माझ्या मुलीने ती ओलांडली. स्कूलक्राफ्टने १८३२ साली हा उगम 'शोधला' असं सांगतात. प्रत्यक्षात ओझाविंडिब हा ओजिब्वे वाटाड्या त्याला तिथवर घेऊन गेला होता. पार्क स्थापन झालं १८९१ साली. १९०३ मध्ये २४ वर्षांची मेरी गिब्ज त्याची प्रमुख झाली आणि लाकूडकंपन्यांच्या माणसांना धीटपणे सामोरी गेली. आपण ज्या झाडांखाली खुर्च्या टाकून बसतो ती कोणीतरी भांडून राखलेली आहेत, एवढं लक्षात असू द्यावं.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे येते. मी पेशाने संशोधक, त्यामुळे मोजमापाची खोड. आरव्हीतलं प्रत्येक सुख मोजून मिळतं. आमची स्वच्छ पाण्याची टाकी होती ४० गॅलनची, म्हणजे सुमारे १५० लिटर. पार्कच्या न्हाणीघरात अंघोळी केल्या, तर ती चौघांना तीन दिवस पुरली. अमेरिकन कुटुंब घरात दिवसाला ३०० गॅलनहून जास्त पाणी वापरतं. भारतात शहरांसाठीचं प्रमाण माणशी १३५ लिटर आहे आणि ग्रामीण नळयोजनेचं ५५ लिटर. दुसऱ्याच दिवशी माझी मुलगी दात घासताना न सांगता नळ बंद करू लागली. घरी हेच मी तिला सहा वर्षं सांगत होते! भिंतीवरच्या छोट्या फळीवर टाकी किती भरली आहे ते दाखवणारे दिवे असतात. ते दिवे माझ्यापेक्षा चांगले शिक्षक ठरले.

त्याच फळीवर आणखी एक ओळ असते, 'ब्लॅक टँक'ची. संडासाची टाकी. आरव्हीत फ्लश केल्यावर काही नाहीसं होत नाही. ते तुमच्याबरोबर, तुमच्या पलंगाखालून प्रवास करतं. पार्कातून निघताना डम्प स्टेशनवर जाड पाइप जोडून ते स्वतः रिकामं करावं लागतं. रबरी हातमोजे घालायचे, आधी काळी टाकी सोडायची, मग अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. दहा मिनिटांचं काम. आमच्या पुढे रांगेत एक सत्तरीचं जोडपं होतं, गप्पा मारत मारत त्यांनी ते उरकलं.

बाबा खाली उतरून बघत होते. प्रथम म्हणाले, "हे तुम्ही करायचं? कुणी माणूस नाही?" मी म्हटलं, "आम्हीच माणसं, बाबा." ते हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी वाड्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून रोज एक बाई यायची, टोपली डोक्यावर घेऊन जायची. सणाला तिला वरून, अंग चोरून, शिळं अन्न दिलं जायचं. "आठ-दहा वर्षं ती येत होती," बाबा म्हणाले, "तिचं नाव काय होतं ते आमच्यापैकी कुणी कधी विचारलंच नाही." मग त्यांनी स्वच्छ पाण्याची नळी हातात घेतली आणि माझ्याबरोबर पाइप धुतला.

मला अप्पासाहेब पटवर्धन आठवले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागून घेतलं. ते नाकारलं गेलं म्हणून उपोषण केलं, आणि त्यांना साथ म्हणून येरवड्यात गांधीजींनीही उपास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी साध्या, स्वस्त संडासाचे प्रयोग केले. हेतू हाच, की दुसऱ्या माणसाला हे काम हाताने करावंच लागू नये.

गैरसमज नको. हातमोजे घालून, सुट्टीत दहा मिनिटं पाइप धरणं म्हणजे त्या बाईचं आयुष्य समजणं नव्हे. आम्ही ती गाडी परत करून मोकळे झालो. तिला तो पर्याय नव्हता. हाताने मैला उचलण्यावर १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला, तरीही आपल्या शहरांत गटारात उतरलेली माणसं आजही गुदमरून मरतात. आणि ती कोणत्या जातींची असतात हे या खोलीत कुणाला सांगायला नको.

मला एवढंच म्हणायचं आहे, की सुख कुठून येतं आणि आपली घाण कुठे जाते, हे घरी आपल्याला दिसत नाही. आरव्हीत ते दिसतं, आणि गंमत म्हणजे त्याने सुख कमी होत नाही. तो चहा गोड लागला त्याचं एक कारण त्यातलं पाणी मोजलेलं होतं हे असावं.

परत आल्यावर मी शोधून काढलं. ईडन प्रेरीचं पाणी जमिनीखालच्या विहिरींतून येतं. आपलं सांडपाणी शाकोपीच्या ब्लू लेक केंद्रात शुद्ध होऊन मिनेसोटा नदीत जातं. ती नदी फोर्ट स्नेलिंगपाशी मिसिसिपीला मिळते. म्हणजे माझ्या मुलीने जी नदी उगमाशी पायी ओलांडली, तिच्यातच आपण रोज भर घालत असतो.

पुढच्या सहलीला जरूर जा, मुलांना न्या, आईवडील आलेले असतील तर त्यांनाही न्या. शेकोटी पेटवा, पोहे करा. फक्त निघताना टाकी रिकामी करायची पाळी आली की मुलांना गाडीत बसवून ठेवू नका. त्यांना खाली उतरू द्या, आणि आजोबांना बोलू द्या.