आमच्या पोटाचा पंचनामा

(युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'खाण्याचे विकार' असा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "आधी खायला मिळू दे, मग विकार बघू." सगळे हसले. मी त्याच्यावर रागावले नाही. तो जे म्हणाला तेच डॉक्टरी शास्त्र शंभर वर्षं म्हणत आलं. न जेवणं, जेवून ओकणं, दार लावून भसाभसा खाणं, हे सगळं बंगल्यातल्या पोरींचं. गरिबाला फक्त भूक. विकार व्हायला मन लागतं, आणि आम्हाला मन असतं हे यांना कबूलच नाही.

पेठेतली बाई जेवली नाही तर उपवास. तिची पोरगी जेवली नाही तर अ‍ॅनोरेक्सिया. आणि त्यांच्याकडे भांडी घासणारी जेवली नाही तर? काहीच नाही. ती रोजच जेवत नाही.

हे शास्त्र आलं कुठून? १८७३ साली लंडनच्या विल्यम गल या डॉक्टरने अन्न नाकारून झिजत जाणाऱ्या मुलींच्या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं. १९७८ साली हिल्डे ब्रुख यांचं पुस्तक आलं, त्यात अशा मुली म्हणजे सोन्याच्या पिंजऱ्यातल्या पाखरं. १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी खाऊन ओकण्याचा आजार नोंदला, बुलिमिया. हे सगळं दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांवरून. आणि तिथपर्यंत पोचतं कोण? ज्याला वेळ आहे, ज्याच्या पोरीचं न जेवणं घरात कुणाला दिसतं, ज्याचं बोलणं डॉक्टर ऐकून घेतो, तो. म्हणजे आजार कुणाला होतो हे मोजलंच नाही. डॉक्टरसमोर खुर्चीवर कोण बसतो ते मोजलं, आणि त्याला शास्त्र म्हटलं.

अमेरिकेत एक प्रयोग झाला, २००६ साली छापून आला. मानसोपचाराचं काम करणाऱ्यांना मेरी नावाच्या काल्पनिक मुलीची हकीकत वाचायला दिली. मजकूर एकच. फक्त काहींच्या कागदावर मेरी गोरी, काहींच्या कागदावर काळी. गोरी मेरी वाचणाऱ्यांपैकी शंभरात ४४ जण म्हणाले, हिच्या खाण्यात बिघाड आहे. काळी मेरी वाचणाऱ्यांपैकी फक्त १७. आजार तोच, कातडी बदलली आणि आजार दिसेनासा झाला. आपल्याकडे कातडीच्या जागी आडनाव ठेवा.

हसण्यावारी नेऊ नका. वारंवार ओकलं की रक्तातलं पोटॅशियम उतरतं, हृदय बंद पडू शकतं. मानसिक आजारांत माणूस मारण्यात अ‍ॅनोरेक्सियाचा नंबर फार वरचा आहे. जो आजार दिसत नाही त्याच्या मेलेल्यांची नोंदही दुसऱ्याच नावाने होते.

आता भुकेकडे येऊ. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटाला अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. तरुण स्वखुशीने आलेले, लढाईवर जायला नकार दिलेले. त्यांचं वजन जवळजवळ चौथाईने उतरलं. पण मनाचं काय झालं ते बघा. दिवसरात्र अन्नाचाच विचार. स्वयंपाकाची पुस्तकं वाचायला लागले. ताटं चाटायला लागले. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर काहींना थांबताच येईना, पोट फुटेस्तोवर खात सुटले. १९५० साली हे सगळं दोन जाड खंडांत छापलं गेलं. निष्कर्ष सरळ आहे : धडधाकट माणूस उपाशी ठेवा, त्याचं अन्नाशी असलेलं नातं बिघडतं.

त्या ३६ जणांना कुणी अधाशी म्हटलं नाही. गावकुसाबाहेर मात्र हा प्रयोग २४ आठवडे नाही, शेकडो वर्षं चालला. आमची माणसं येसकरपाळीच्या शिळ्या तुकड्यांवर जगली, मेलेल्या ढोरावर जगली. आणि गावाने त्यांना काय म्हटलं? हावरट. भुक्कड. ही जातच खादाड. म्हणजे भूक त्यांनी दिली, आणि भुकेने मनाचं जे केलं त्याला आमचा स्वभाव म्हणाले.

२०१७ साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला फुकट धान्य घ्यायला येणाऱ्या ५०३ माणसांना संशोधकांनी हेच विचारलं. ज्यांच्या घरात अन्नाची टंचाई जास्त, त्यांच्यात भसाभसा खाण्याचा त्रासही जास्त. ज्या घरांत पोरंसुद्धा उपाशी राहत होती तिथल्या मोठ्यांपैकी शंभरात सुमारे १७ जणांचा त्रास उपचार लागावेत इतका होता. वस्तीत राहणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चहा-बटर, पगाराच्या दिवशी पातेलं भरून मटण आणि कुणी थांबत नाही. आणि घरातली बाई? एक बाई मला म्हणाली, "ताई, सगळ्यांची ताटं उचलली की उरलेलं मी उभ्याउभ्याच खाते. किती खाल्लं ते मलाच कळत नाही. मग वाटतं, उद्या काहीच नको." ती याला आजार म्हणत नाही. ती म्हणते, माझी सवयच घाण आहे.

ही झाली भूक. आता चरबी. १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केतले नावाच्या गणितज्ञाने युरोपातली माणसं मोजून वजन-उंचीचं एक सूत्र काढलं. १९७२ साली कीज यांनीच त्याला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, हे नाव दिलं. त्याच १९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ होता, आपले लोक खडी फोडत होते, सुकडी खात होते, आणि त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिकडे फूटपट्टी तयार होत होती, इकडे तिच्यावर मोजली जाणारी हाडं.

त्या हाडांचं पुढे काय झालं ते पुण्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं त्यांनी तपासली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. पण गंमत अशी की आपल्या बाळांत मांस कमी आणि चरबी मात्र त्या मानाने राखलेली. अर्धपोटी आईच्या पोटात बाळ पुढच्या दुष्काळाची तजवीज करून येतं. मोठेपणी तो दुष्काळ वडापावच्या आणि पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याच्या रूपाने येतो, आणि पोट सुटतं, साखर वाढते. म्हणजे आमच्या पोटावरची चरबी ही नुसती चैनीची नाही. तिच्यात आज्जीच्या उपासमारीचं व्याजही आहे.

पण बोलणारे काय बोलतात? "फुकटचं रेशन खाऊन सुजलेत." "सरकारचे जावई, चरबी चढलीय." पोरगी बारीक असली तर सुकट, जाड असली तर म्हैस. दवाखान्यात गुडघा दाखवायला गेलेल्या बाईला गुडघ्याला हात न लावता सांगतात, कमी खा. दिवसातून एकदा जेवणारीला सांगतात, कमी खा! जातीचा विटाळ उघड बोलायची सोय राहिली नाही, तिथे वजनाचा विटाळ कामाला येतो. आणि आपण धुतल्या तांदळासारखे आहोत असं समजू नका. आपल्या वधूवर मेळाव्याचा फॉर्म काढून वाचा. गोरी, सडपातळ. वस्तीतल्या जिममध्ये आपली पोरं उधारीवर पावडरी घेतात, इंजेक्शनं टोचून घेतात. तोही याच आजाराचा भाऊ आहे.

मग संशोधन करायचं तर कसं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने २०१९-२१ मध्ये सांगितलं की देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरात १८.७ फार बारीक, २४ जाड. ती पाहणी जात लिहून घेते, वजन लिहून घेते. जेवताना तुझ्या मनात काय चालतं, हे विचारत नाही. आणि जे कागद हे विचारतात ते आपल्यासाठी लिहिलेले नाहीत. १९८२ साली कॅनडात तयार झालेली २६ प्रश्नांची यादी जगभर चालते. तिच्यात एक प्रश्न आहे अन्नाचे बारीक तुकडे करण्याबद्दल. भाकरी मोडून कालवणात कुस्करणाऱ्याने यावर काय लिहावं? दुसरा प्रश्न सतत अन्नाचा विचार येतो का, असा. ज्या घरात संध्याकाळचं पीठ नाही तिथे येणारच की!

सगळ्यात मोठी गोची पुढे आहे. लपून खाणं हे डॉक्टरी यादीत विकाराचं लक्षण आहे. आता हॉस्टेलात राहणारी आपली पोरगी घ्या. घरून सुकट आलंय, वजडी आलीय, चान्या आल्यात. रूममधल्या बाकीच्या नाक मुरडतात. ती डबा लपवते, सगळ्या झोपल्यावर खाते, नंतर शरमेने रडते. २०१५ च्या कायद्यानंतर तर महाराष्ट्रात बैलाचं मटण म्हणजे पोलीस केस, स्वस्त प्रोटीनचा एक घासच गेला. ही पोरगी आजारी आहे की जातीपासून स्वतःला वाचवतेय? कधी दोन्ही. वर्षानुवर्षं लपून खाल्लं की लपणं अंगात मुरतं. हा फरक तिऱ्हाईत माणूस कागद भरून ओळखू शकत नाही. 'कुणाच्या भीतीने लपवलंस?' हा प्रश्न त्याला सुचतच नाही. आपल्याला सुचतो.

काही कार्यकर्ते म्हणतात, हा विषय म्हणजे चळवळीला फाटे फोडणं. त्यांना विचारा, १९२७ साली महाडला बाबासाहेब फक्त पाण्याबद्दल बोलले का? मेलेलं ढोर सोडा, शिळे तुकडे सोडा, हेही तिथेच सांगितलं. ज्यांच्यावरून पँथर हे नाव आलं त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवाल्यांनी १९६९ साली शाळकरी पोरांना फुकट न्याहारी सुरू केली. घास हा राजकारणाबाहेर कधीच नव्हता.

म्हणून तीन गोष्टी. एक : विचारणारे आपले असतील, बायकांना बायका विचारतील, आणि वजनकाटा सगळ्यात शेवटी निघेल. तोही जिची मर्जी असेल तिच्यापुरता. दोन : दोन प्रश्न कायम जोडीने विचारायचे. घरात अन्न होतं का? आणि होतं तरी खाल्लं नाहीस, किंवा थांबता आलं नाही, ते कशापायी? पहिला सोडला तर आपण बंगल्यातले डॉक्टर होऊ. दुसरा सोडला तर आपण आपल्याच माणसांना नुसतं पोट समजू. तीन : जी म्हणेल मला त्रास होतोय, तिला एकटीला दवाखान्यात पाठवायचं नाही. तिच्याबरोबर जायचं, आणि डॉक्टर 'कमी खा' म्हणाला तर तिथेच त्याला विचारायचं, तुम्ही तपासलं काय?

नावं कुणाची लिहायची नाहीत. वह्या वस्तीबाहेर जाणार नाहीत. पुढच्या रविवारी आपल्या बोलीत प्रश्न लिहायला बसू. मागच्या बाकावरच्या भावाने आधी यावं, पहिला प्रश्न त्याचाच आहे.

जयभीम.