फांद्यांचे व्यवस्थापन आणि छोटे चिपर यंत्र : खरेदीचे अर्थशास्त्र व वापरातील दक्षता



दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत देशातील बहुतेक शहरांमध्ये पावसाळ्यापूर्वीची वृक्षछाटणी सुरू होते. विजेच्या तारांना लागणाऱ्या, रस्त्यावर झुकलेल्या व वाळलेल्या फांद्या उतरविल्या जातात. छाटणीचे काम तासाभरात आटोपते. परंतु खाली पडलेल्या ढिगाचा प्रश्न पुढे अनेक दिवस शिल्लक राहतो. फांद्यांचा ढीग वजनाने हलका, पण आकारमानाने मोठा असतो. ट्रक भरलेला दिसतो, तरी त्यात मुख्यतः फांद्यांमधील मोकळी जागाच वाहून नेली जाते. ही वाहतूक परवडत नाही, म्हणून ढीग पडून राहतो आणि अखेरीस कोणीतरी तो पेटवून देतो.

असे जाळणे बेकायदेशीर आहे, हे नवीन नाही. सन 2000 च्या नागरी घनकचरा नियमांनीच कचरा व वाळलेली पाने जाळण्यास मनाई केली होती. सन 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी बागेतील कचरा वेगळा गोळा करावा आणि शक्यतो उद्यानातच त्यावर प्रक्रिया करावी, अशी जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास 5,000 रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास 25,000 रुपये भरपाई आकारण्याचा आदेश दिला. मात्र मनाई केल्याने ढीग नाहीसा होत नाही. त्यासाठी पर्याय हाताशी असावा लागतो. फांद्यांच्या ढलप्या करणारे छोटे चिपर यंत्र हा असाच एक पर्याय होय.

यंत्राचे कार्य

चिपरमध्ये वेगाने फिरणाऱ्या जड चकतीवर किंवा पिंपासारख्या दंडगोलावर धारदार पाती बसविलेली असतात. आत सारलेली फांदी फिरते पाते व स्थिर पाते यांच्यामध्ये सापडून कापली जाते आणि ढलप्या वरच्या नळीतून बाहेर फेकल्या जातात. धारदार पात्यांऐवजी हातोड्यांनी ठेचून बारीक करणाऱ्या यंत्रास श्रेडर म्हणतात. ओला पाला व कोवळ्या डहाळ्या यांना श्रेडर, तर सरळ व कठीण फांद्यांना चिपर अधिक उपयुक्त ठरतो. काही यंत्रांत दोन्ही सोयी असतात.

सहा-सात अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन असलेले यंत्र साधारणपणे मनगटाच्या जाडीपर्यंतच्या फांद्यांसाठी असते. त्याहून जाड फांद्यांसाठी अधिक शक्तीचे इंजिन किंवा ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वर चालणारे यंत्र लागते. माहितीपत्रकात दिलेला कमाल व्यास ही यंत्राची शेवटची मर्यादा असते. रोजच्या कामाचा व्यास त्याहून बराच कमी धरावा. ओली फांदी सहज कापली जाते. वाळलेले बाभळीसारखे कठीण लाकूड पात्यांची धार लवकर घालविते. नारळाच्या झावळ्यांचे चिवट तंतू फिरत्या भागाभोवती गुंडाळले जातात. म्हणून आपल्या परिसरात कोणती झाडे अधिक आहेत, हे पाहूनच यंत्र निवडले पाहिजे.

या यंत्राच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. 3 मे 2019 रोजी ओडिशात आलेल्या फणी चक्रीवादळाने भुवनेश्वरमध्ये आणि 20 मे 2020 च्या अम्फान चक्रीवादळाने कोलकात्यात हजारो झाडे कोसळली. अशा प्रसंगी खोडांसाठी साखळी करवत व क्रेनच लागते. छोटा चिपर केवळ फांद्यांचा भार कमी करू शकतो.

खरेदी किमतीवर नव्हे, तासांवर

सार्वजनिक संस्थांच्या आवारात गंजत उभी असलेली यंत्रे हे दृश्य आपल्याकडे अपरिचित नाही. खरेदीचा निर्णय केवळ किंमत पाहून घेतला की असे घडते. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, यंत्राची किंमत 2,00,000 रुपये, आयुष्य 8 वर्षे आणि अखेरचे मोडमूल्य 20,000 रुपये आहे. वार्षिक घसारा 22,500 रुपये होतो. सरासरी गुंतवणूक 1,10,000 रुपये. त्यावर 10 टक्के दराने व्याज 11,000 रुपये. निवारा व विमा यांसाठी 4,000 रुपये धरल्यास वार्षिक स्थिर खर्च 37,500 रुपये येतो. यंत्र वर्षाला 50 तास चालले, तर तासाला 750 रुपये आणि 500 तास चालले, तर तासाला 75 रुपये एवढा स्थिर खर्च पडतो. इंधन, मजुरी, पात्यांना धार लावणे व दुरुस्ती हा बदलता खर्च त्याशिवाय असतो. यंत्र तेच, किंमतही तीच. पण वापर दहापट झाला की स्थिर खर्चाचा भार एक-दशांशावर येतो.

म्हणूनच एकट्याने खरेदी करण्यापेक्षा सामायिक वापर अधिक फायदेशीर ठरतो. सन 2014-15 मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात यंत्रे भाड्याने देणाऱ्या केंद्रांवर भर देण्यात आला, त्यामागील तर्क हाच होता. आपल्याकडील लहान धारणक्षेत्राच्या शेतकऱ्याला प्रत्येक यंत्र विकत घेणे परवडत नाही. भाड्याने घेणे परवडते.

सामायिक वापरातही एक अडचण असते. सर्वांना यंत्र एकाच वेळी हवे असते. नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलच्या सुमारास आणि गोडी छाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. त्या काळात प्रत्येक बागेत काड्यांचे ढीग पडतात आणि इतर महिन्यांत यंत्र रिकामे राहते. यावर उपाय म्हणजे वेगवेगळ्या हंगामांची कामे एकत्र गुंफणे. द्राक्षाच्या काड्या, डाळिंब व आंब्याची छाटणी, मे महिन्यातील शहरी वृक्षछाटणी आणि रस्त्याकडेची झाडे यांचे वेळापत्रक एकत्र आखले, तर यंत्राचे तास वाढतात. हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागांत छाटणी हिवाळ्यात होते. तेथील उतारावरच्या अरुंद पायऱ्यांवर ट्रॅक्टर पोहोचत नाही. म्हणून हाताने ढकलत नेता येणारे हलके यंत्रच तेथे उपयोगी पडते. स्थळ व हंगाम यांचा विचार खरेदीपूर्वीच व्हावा लागतो.

निविदेत किमतीबरोबर काही अटी स्पष्ट असाव्यात : पात्यांचे सुटे संच जवळपास मिळतात काय, दुरुस्ती किती दिवसांत होईल, चालकास प्रशिक्षण कोण देणार आणि स्थानिक झाडांच्या फांद्यांवर प्रत्यक्ष चाचणी होणार काय.

ढलप्यांचा विनियोग

ढलप्यांचे ठिकाण आधी ठरलेले नसेल, तर फांद्यांच्या ढिगाऐवजी ढलप्यांचा ढीग उभा राहतो. सर्वांत सोपा उपयोग आच्छादनाचा. झाडाभोवती 5 ते 10 सेंटिमीटर जाडीचा थर दिल्यास जमिनीतील ओलावा टिकतो व तण कमी होते. थर खोडाला भिडू देऊ नये, अन्यथा साल कुजण्याचा संभव असतो. ढलप्या मातीत मिसळू नयेत. लाकडात नत्राच्या तुलनेत कर्बाचे प्रमाण फार मोठे असते. ते कुजविणारे सूक्ष्मजीव मातीतील नत्र वापरतात आणि पिकाला त्याची तात्पुरती कमतरता भासते. कंपोस्टसाठी कर्ब-नत्र गुणोत्तर 25 ते 30 च्या आसपास असणे इष्ट असल्याने ढलप्यांबरोबर हिरवा पाला, भाजीचा कचरा किंवा शेण मिसळावे लागते. रोगट फांद्यांच्या ढलप्या त्याच बागेत पसरू नयेत. कोरड्या ढलप्या इंधन-विटांसाठीही वापरता येतात.

घास देणाऱ्याचा हात

या विषयातील सर्वांत गंभीर बाब म्हणजे यंत्रात फांदी सारणाऱ्या मजुराची सुरक्षितता. चकती मिनिटाला 1,000 फेरे घेत असेल, तिच्यावर दोन पाती असतील आणि प्रत्येक पाते 1 सेंटिमीटरचा तुकडा कापत असेल, तर मिनिटाला 2,000 सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 33 सेंटिमीटर फांदी आत ओढली जाते. पात्यापासून एक हात अंतरावर असलेली मूठ दीड सेकंदात पात्यापाशी पोहोचते. फांदीच्या बेचक्यात बाही अडकली, तर ती सोडविण्यास तेवढा अवधी पुरत नाही.

भारताने हा धडा मळणी यंत्रांच्या बाबतीत फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. पिकाचा घास आत सारताना असंख्य मजुरांनी हात गमावले. त्या पार्श्वभूमीवर सन 1983 मध्ये धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा झाला. शक्तिचलित मळणी यंत्र हा त्याचा मुख्य विषय होता आणि जखमी कामगारास नुकसानभरपाईची तरतूदही त्यात होती. भारतीय मानक ब्युरोच्या मानकाने मळणी यंत्राच्या घास देण्याच्या पन्हळीची लांबी किमान 90 सेंटिमीटर असावी व त्यातील 45 सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे सुचविले. हात पात्यापर्यंत पोहोचूच नये, हे त्यामागील साधे तत्त्व आहे. चिपर घेतानाही प्रथम तेच पाहावे. पन्हळ लांब असावी, तत्काळ बंद करण्याची कळ घास देणाऱ्याच्या आवाक्यात असावी आणि आत ओढणारे रूळ असल्यास त्यांना उलटी गती देता यावी.

वापराचे नियमही मोजके आहेत. फांदीचा बुंधा आधी आत द्यावा व समोर न उभे राहता बाजूला उभे राहावे. सैल कपडे, उपरणे, साडीचा पदर किंवा ओढणी मोकळी नसावी. डोळ्यांवर चष्मा व कानांवर संरक्षक असावा. खिळे व तारा आधी काढाव्यात. अडकलेला तुकडा हाताने किंवा पायाने ढकलू नये. इंजिन बंद करून चकती पूर्ण थांबल्यानंतरच झाकण उघडावे. जड चकती इंजिन बंद झाल्यावरही काही काळ फिरत राहते, हे विसरता कामा नये. यंत्राजवळ कधीही एकटा मजूर नसावा.

वृक्षछाटणीचे काम बहुधा कंत्राटी मजुरांकडून करून घेतले जाते आणि मजूर दर हंगामाला बदलतात. त्यामुळे प्रशिक्षण एकदा देऊन भागत नाही. प्रत्येक हंगामाच्या आरंभी ते पुन्हा द्यावे लागते. त्यासाठी लागणारा अर्धा दिवस हा यंत्राच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे.

सारांश, यंत्र हे विकासाचे साधन आहे. ते विकत घेणे म्हणजे विकास नव्हे. ते वर्षाकाठी किती तास चालेल, त्यातून निघणाऱ्या ढलप्या कोठे जातील आणि त्यात फांदी सारणारा मजूर संध्याकाळी सुखरूप घरी परतेल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे खरेदीपूर्वी मिळाली, तरच छोट्या चिपरवर खर्च झालेला सार्वजनिक पैसा सत्कारणी लागला, असे म्हणता येईल.