वास्तवाचा ध्यास : डेव्हिड बोम आणि क्वांटम जगाचा न सुटलेला प्रश्न



एखाद्या शास्त्रज्ञाचा सिद्धान्त चूक ठरला आणि काळाच्या ओघात तो विस्मृतीत गेला, अशी उदाहरणे भौतिकशास्त्राच्या इतिहासात पुष्कळ सापडतील. परंतु सिद्धान्त चूक ठरला नाही, त्याचे गणित कुणी खोडून काढले नाही, आणि तरीही एका संपूर्ण पिढीने त्याकडे पाठ फिरवली, असे उदाहरण विरळाच. अमेरिकेत जन्मलेले आणि आयुष्याचा उत्तरार्ध इंग्लंडमध्ये घालवलेले सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांची कहाणी ही अशी आहे. त्यांचा अपराध एवढाच, की ज्या प्रश्नाला त्यांच्या समकालीनांनी ‘निरर्थक’ असा शिक्का मारून बाजूला सारले होते, तो प्रश्न त्यांनी सोडला नाही. सूक्ष्म जगात खरोखर काय घडत असते, हा तो प्रश्न.

पुंजयामिकी म्हणजे क्वांटम मेकॅनिक्स हे विसाव्या शतकातील सर्वांत यशस्वी शास्त्र. ट्रान्झिस्टर, लेसर, संगणकातील चिप हे सारे तिच्याच पायावर उभे आहे. मात्र तिच्या पोटात एक कोडे दडलेले आहे आणि दोन फटींच्या प्रयोगात ते अगदी उघडे पडते. इलेक्ट्रॉनांच्या वाटेत दोन बारीक फटी ठेवायच्या आणि एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडायचा. प्रत्येक इलेक्ट्रॉन पलीकडच्या पडद्यावर एकच ठिपका उमटवतो. कणानेच उमटवावा तसा. पण असे हजारो ठिपके साचले, की पडद्यावर उजळ आणि रिकामे पट्टे दिसू लागतात. असे पट्टे केवळ तरंगच निर्माण करू शकतात. जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली हा प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवला. मग मधल्या वेळात इलेक्ट्रॉन होता कुठे? तो कण होता की तरंग? एका फटीतून गेला की दोन्हींतून?

१९२०च्या दशकाच्या अखेरीस नील्स बोर आणि वेर्नर हायझेनबर्ग यांनी यावर दिलेले उत्तर ‘कोपनहेगन मत’ म्हणून ओळखले जाते. त्याचा इत्यर्थ असा, की मोजमाप करण्यापूर्वी इलेक्ट्रॉन कुठे होता हा प्रश्नच विचारू नये. तरंगफलन नावाची गणिती राशी आपल्याला केवळ संभाव्यता सांगते. त्यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही. १९३२ साली जॉन फॉन नॉयमान या अलौकिक गणितज्ञाने या मतावर जणू मोहोर उठवली. तरंगफलनाच्या मागे काही गुप्त राशी असतील आणि त्या इलेक्ट्रॉनची वाट ठरवत असतील, ही शक्यताच त्यांनी गणिताने बाद केली, असे मानले गेले. ग्रेटे हेरमान या जर्मन विदुषीने १९३५ मध्येच त्या युक्तिवादातील दोष दाखवला होता. तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. मोठ्या नावाचा दरारा विज्ञानातही असतो, तो असा.

डेव्हिड बोम यांचा जन्म २० डिसेंबर १९१७ रोजी पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बार या कोळसाखाणींच्या गावी एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. वडिलांचे फर्निचरचे दुकान होते. बर्कली येथे ते रॉबर्ट ओपेनहायमर यांचे विद्यार्थी झाले. तेथील तरुणांमध्ये त्या काळी साम्यवादाचे वारे होते. बोमही १९४२ साली कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले आणि काही महिन्यांतच बाहेर पडले. पक्षाच्या बैठका त्यांना कंटाळवाण्या वाटल्या. मार्क्सवादी विचारांचा पगडा मात्र पुढेही काही वर्षे राहिला. सोव्हिएत राजवटीची कृष्णकृत्ये १९५६ मध्ये बाहेर आली, तेव्हा तोही उतरला.

या अल्पकालीन सदस्यत्वाची किंमत जबर होती. ओपेनहायमर त्यांना लॉस अलामोस येथे अणुबॉम्बच्या प्रकल्पावर नेऊ इच्छीत होते. लष्कराने परवानगी नाकारली. पुढचा प्रकार तर विलक्षणच. बोम यांनी प्रबंधासाठी केलेले कणांच्या विकिरणाचे गणित त्या प्रकल्पाला उपयोगी ठरले आणि ते गोपनीय म्हणून जाहीर झाले. ज्याने ते काम केले, त्यालाच ते पाहण्याची मुभा उरली नाही! अखेर प्रबंध लिहिल्यावाचूनच, ओपेनहायमर यांच्या शब्दावर, १९४३ साली विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

१९४७ मध्ये बोम प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापक झाले. १९४९ साली अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने त्यांना पाचारण केले. स्वतःविषयी आणि सहकाऱ्यांविषयी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देण्याचे त्यांनी घटनादत्त अधिकाराच्या आधारे नाकारले. १९५०च्या डिसेंबरात त्यांना अटक झाली. १९५१ मध्ये न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. परंतु विद्यापीठाने त्यांना आधीच निलंबित केले होते आणि निर्दोष ठरल्यावरही त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. साम्यवादी विचारसरणीविषयी कुणाचे काहीही मत असो. न्यायालयाने सोडलेल्या माणसाला विद्यापीठाने शिक्षा द्यावी, याचे समर्थन होऊ शकत नाही.

त्याच १९५१ साली त्यांचे ‘क्वांटम थिअरी’ हे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. हे पुस्तक कोपनहेगन मताचे खंडन करण्यासाठी लिहिलेले नव्हते. ते मत आपल्याला नीट समजावे म्हणून बोम यांनी ते लिहिले, आणि त्या मताचे इतके स्वच्छ विवेचन क्वचितच कुणी केले असेल. प्रिन्स्टनमध्येच राहणाऱ्या आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी ते वाचून बोम यांना भेटीस बोलावले. मांडणी उत्तम आहे, पण आपले समाधान झालेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वास्तवाचे पूर्ण चित्र या शास्त्रात नाही, या मतावर ते ठाम होते. या भेटींनंतर काही महिन्यांतच बोम यांनी दोन शोधनिबंध लिहून पूर्ण केले. ते १५ जानेवारी १९५२ रोजी ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापून आले.

त्यांतील कल्पना सांगायला सोपी आहे. इलेक्ट्रॉन हा नेहमीच कण असतो. कुणी पाहो वा न पाहो, त्याला निश्चित स्थान असते. त्याच्या सोबतीला एक तरंग असतो आणि तो तरंग कणाला वाट दाखवतो. दोन फटींच्या प्रयोगात कण एकाच फटीतून जातो, तरंग मात्र दोन्हींतून जातो. पलीकडे त्या तरंगाच्या घड्या पडतात आणि त्यांच्यानुसार कण वळतो. फ्रान्सच्या लुई द ब्रॉय्ली यांनी १९२७ साली असाच विचार मांडला होता, पण टीकेपुढे त्यांनी तो सोडून दिला. बोम यांनी तो स्वतंत्रपणे उभा केला, मोजमापाच्या क्रियेलाही लागू केला आणि दाखवून दिले, की रूढ पुंजयामिकीची सारी भाकिते या मार्गानेही जशीच्या तशी मिळतात. १९७९ साली लंडनमध्ये ख्रिस फिलिपिडिस, ख्रिस ड्यूडनी आणि बेसिल हायली यांनी संगणकावर या वाटा रेखाटल्या. फटींतून निघून नागमोडी वळणे घेत पट्ट्यांकडे जाणाऱ्या त्या रेषा पाहताना कोड्याची धार एकदम बोथट होते.

हा तरंग कणाला ढकलत नाही, हे बोम आवर्जून सांगत. त्यासाठी त्यांनी जहाजाचे उदाहरण दिले. जहाज चालते ते स्वतःच्या यंत्राच्या शक्तीवर. रडारच्या लहरी त्याला केवळ दिशा सांगतात. लहरी क्षीण असल्या तरी चालते, कारण कामाला येते ती त्यांच्यातील माहिती, त्यांचे बळ नव्हे. अर्थात एवढासा इलेक्ट्रॉन ही माहिती वाचतो कसा, याचे उत्तर या दृष्टान्तातून मिळत नाही आणि टीकाकारांनी त्यावर बोट ठेवले, ते योग्यच होते.

जे घडू शकत नाही म्हणून फॉन नॉयमान यांच्या नावाने सांगितले जाई, ते बोम यांनी करून दाखवले होते. यावर खळबळ माजायला हवी होती. प्रत्यक्षात फारसे काही घडले नाही. वोल्फगांग पाउली यांनी विरोध केला. बहुसंख्य शास्त्रज्ञ गप्प राहिले. ज्यांच्या प्रेरणेने हे काम झाले, त्या आइन्स्टाइन यांनाही ते रुचले नाही. ही वाट फार स्वस्तातली वाटते, अशा आशयाचे पत्र त्यांनी माक्स बोर्न यांना १९५२ मध्ये लिहिले. बाजू मांडायला बोम स्वतः अमेरिकेत नव्हतेच. १९५१च्या ऑक्टोबरात ते ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठात दाखल झाले होते. तेथे पोचल्यावर काही आठवड्यांतच अमेरिकी वकिलातीने त्यांचे पारपत्र काढून घेतले. युरोपात जाऊन बोर, पाउली यांच्यासमोर वाद करण्याची वाटच बंद झाली. १९५४ मध्ये त्यांनी ब्राझीलचे नागरिकत्व घेतले आणि त्यापायी अमेरिकेचे गमावले. ते परत मिळायला १९८६ साल उजाडले. ब्राझीलहून हैफा, तेथून १९५७ मध्ये ब्रिस्टल आणि १९६१ मध्ये लंडनचे बर्कबेक कॉलेज, असा त्यांचा प्रवास झाला. ब्रिस्टलमध्ये असताना १९५९ साली आपले विद्यार्थी याकिर अहारोनोव यांच्यासह त्यांनी वर्तवलेला परिणाम आज दोघांच्या नावाने पाठ्यपुस्तकांत आहे. चुंबकीय क्षेत्र जिथे शून्य आहे, अशा मार्गाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनवरही दूरच्या क्षेत्राची छाया पडते, असे तो सांगतो. तोनोमुरा यांनी १९८६ मध्ये तो निर्विवाद सिद्ध केला.

मात्र १९५२चे ते दोन निबंध एका माणसाने नीट वाचले होते. बेलफास्टचा जॉन बेल हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ तो. अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट आपल्याला झालेली दिसली, अशी आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली. बोम यांच्या गणितात एक गोष्ट बेल यांना खटकली. एका कणाची वाट त्याच क्षणी दूरच्या दुसऱ्या कणाच्या स्थानावर अवलंबून राहत होती, मग मध्ये अंतर कितीही असो. हा बोम यांच्या मांडणीचा दोष, की निसर्गाचाच स्वभाव? बेल यांनी १९६४ साली याचे उत्तर एका गणिती विषमतेत बांधले. निसर्गात असा दूरसंबंध नसेल, तर प्रयोगातील काही आकडे एका मर्यादेच्या आतच राहतील. १९७२ मध्ये जॉन क्लाउझर व स्टुअर्ट फ्रीडमन यांनी, १९८२ मध्ये आलॅं आस्पे आणि सहकाऱ्यांनी, पुढे आन्टोन त्साइलिंगर यांच्या गटाने प्रयोग केले. मर्यादा ओलांडली गेली. क्लाउझर, आस्पे आणि त्साइलिंगर यांना २०२२चे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रयोगांनी बोम यांचा सिद्धान्त सिद्ध झाला, असे म्हणता येणार नाही. पण ज्या वैशिष्ट्यासाठी त्याला नाके मुरडली गेली, ते वैशिष्ट्य निसर्गाचेच आहे, याला मात्र जवळपास सर्वांनी मान तुकवली.

कणांमधील या अभेद्य संबंधाने बोम यांना आणखी पुढे नेले. अखंडतेची जाणीव त्यांना फार पूर्वी, बर्कलीत प्लाझ्मावर काम करताना झाली होती. तेथे असंख्य इलेक्ट्रॉन सुटे न वागता एखाद्या संघटित समूहासारखे वागत. १९६०च्या दशकात दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात त्यांनी एक साधे उपकरण पाहिले. एकात एक अशी दोन नळकांडी, मधल्या पोकळीत ग्लिसरीन, त्यात शाईचा एक थेंब. नळकांडे सावकाश फिरवले की थेंब ताणला जातो, धूसर होतो, नाहीसा होतो. उलट फिरवले की तोच थेंब पुन्हा गोळा होऊन उभा राहतो! थेंब नष्ट झालेला नसतो, तो द्रवात दुमडून ठेवलेला असतो. बोम यांनी यावरून दोन व्यवस्था कल्पिल्या. दुमडलेली ती गर्भित व्यवस्था आणि उलगडलेली ती प्रकट व्यवस्था. आपण ज्यांना सुट्या वस्तू म्हणतो, ते एका अखंड प्रवाहाचे क्षणिक उलगडणे होय. हा विचार त्यांच्या ‘होलनेस अँड द इम्प्लिकेट ऑर्डर’ या १९८०च्या ग्रंथात विस्ताराने आला आहे. १९५२च्या निबंधांइतके काटेकोर गणित त्यामागे उभे राहिले नाही, हेही नमूद केले पाहिजे.

ब्रिस्टलमध्येच त्यांची पत्नी सारा यांना ग्रंथालयात जे. कृष्णमूर्ती यांचे एक पुस्तक हाती लागले. पाहणारा आणि पाहिले जाणारे हे वेगळे नाहीत, हा त्यातील विचार. पुंजयामिकीतील मोजमापाच्या प्रश्नाशी झुंजणाऱ्या बोम यांना तो ओळखीचा वाटला. १९६१ साली लंडनमध्ये दोघांची भेट झाली आणि पंचवीस वर्षे टिकणारा संवाद सुरू झाला. १९८० साली कॅलिफोर्नियातील ओहाय येथे आणि नंतर इंग्लंडमधील ब्रॉकवुड पार्क येथे झालेल्या त्यांच्या संभाषणांतून ‘द एंडिंग ऑफ टाइम’ हे पुस्तक १९८५ मध्ये सिद्ध झाले. एक आंध्रातल्या मदनपल्लीचा, दुसरा पेनसिल्व्हेनियाचा. विचारांमुळे काल आणि मन यांत पडणाऱ्या भेगांवर दोघे तासन् तास बोलत.

असा विषय निघाला, की ‘हे सारे आमच्या उपनिषदांत आधीच सांगितलेले आहे’ असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना आवरत नाही. तो येथे आवरायला हवा. बोम यांची समीकरणे कोणत्याही उपनिषदातून आलेली नाहीत; ती आली श्रोडिंगर यांच्या समीकरणातून आणि रात्रंदिवस केलेल्या गणितातून. कृष्णमूर्तींनी तर १९२९ सालीच आपल्याभोवती उभा केलेला संप्रदाय विसर्जित करून सर्व शब्दप्रामाण्य नाकारले होते. ‘एकमेवाद्वितीयम्’ म्हणणारा ऋषी आणि अखंडतेचे गणित मांडू पाहणारा शास्त्रज्ञ यांच्या बोलण्यात साम्य जाणवते, आणि त्या साम्याचा आनंदही जरूर घ्यावा; पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. उपनिषदांची थोरवी त्यांच्या स्वतःच्या बळावर उभी आहे. तिला पाश्चात्त्य प्रयोगशाळेच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. आणि त्या प्रयोगशाळेतील काम समजून घ्यायचे, तर ते गणित शिकूनच घ्यावे लागेल. त्यात आडवाट नाही.

१९९० मध्ये बोम यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. २७ ऑक्टोबर १९९२ रोजी बेसिल हायली यांच्यासह लिहीत असलेल्या ग्रंथाचे काम आटोपून ते घरी निघाले आणि टॅक्सीतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. ‘द अनडिव्हायडेड युनिव्हर्स’ हा तो ग्रंथ १९९३ मध्ये प्रकाशित झाला. त्याच सुमारास म्युनिच, जिनोआ आणि अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठातील डेटलेफ ड्यूर, निनो झांगी आणि शेल्डन गोल्डस्टाइन यांनी १९५२चा सिद्धान्त नव्याने हाती घेऊन त्याचे गणित अधिक नेटके केले. भाकिते रूढ पुंजयामिकीशी तंतोतंत जुळत असल्याने दोहोंतील निवाडा करणारा प्रयोग अद्याप झालेला नाही. दूरच्या कणांचा तत्काळ संबंध आणि सापेक्षतावाद यांचा मेळ कसा घालायचा, हे या मार्गावरचे सर्वांत अवघड काम आहे आणि ते आजही चालू आहे.