सहा टक्क्यांचा हिशेब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



शिक्षणावर बोलणाऱ्या वक्त्याला टाळ्या मिळतात आणि अर्थसंकल्पावर बोलणाऱ्या वक्त्यासमोरची सभा हळूहळू पांगते, हा अनुभव समाजवादी चळवळीलाही नवा नाही. शिक्षण हा ध्येयवादाचा विषय आणि पैसा हा कारकुनांचा, अशी एक सोयीची वाटणी मनोमन झालेली असते. ही वाटणी खोटी आहे, हे दाखवून देण्यात ज्यांचे आयुष्य गेले ते जयंत पांडुरंग नाईक, म्हणजेच शिक्षणक्षेत्रातले ‘जे. पी.’. मोठ्या माणसाला वंदन करणे एवढाच त्यांच्या स्मरणाचा हेतू असू नये. शिक्षणाच्या धोरणाचा आणि अर्थशास्त्राचा अभ्यास समाजाच्या उपयोगी केव्हा पडतो आणि केव्हा कपाटात पडून राहतो, याचा बोध त्यांच्या कारकिर्दीतून होतो. आजच्या विवेचनाचा विषय तोच आहे.

नाईकांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यात, बहिरेवाडी या खेड्यात झाला. ते दहा वर्षांचे असताना, १९१७ मध्ये, शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्याआधी नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेले याच आशयाचे विधेयक, खर्च परवडणार नाही या मुख्य सबबीवर, पुढल्याच वर्षी फेटाळले गेले होते. साम्राज्याला जे परवडले नाही ते एका लहान संस्थानाला परवडले. पैसा नाही हे उत्तर नेहमीच तिजोरीविषयी नसते. पुष्कळदा ते पसंतीविषयी असते. नाईकांच्या पुढील सर्व संशोधनाचे बीज या एका विरोधात पाहता येईल.

त्यांची कारकीर्द विद्यापीठाच्या ग्रंथालयात सुरू झाली नाही. कायदेभंगाच्या चळवळीतील तुरुंगवासानंतर त्यांनी धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात ग्रामसुधारणेचे आणि शिक्षणाचे काम केले. १९४३ मध्ये सय्यद नुरुल्ला यांच्यासह त्यांनी ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा इतिहास लिहिला. १९४८ मध्ये मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. ती पुढे पुण्यास आली. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. खेडे, इतिहास आणि संस्था अशा तिहेरी तयारीनंतर ते दिल्लीच्या धोरणाकडे वळले. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आज पुष्कळदा तो उलटा दिसतो: आधी दिल्ली, मग परदेशी सल्लागार, आणि खेडे सर्वांत शेवटी, तेही नमुना पाहणीपुरते.

१४ जुलै १९६४ रोजी डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. जून १९६६ मध्ये अहवाल सादर झाला. त्यातील अनेक शिफारशींपैकी दोन समाजवाद्यांच्या दृष्टीने कळीच्या आहेत. पहिली परिसर शाळेची. एका वस्तीतील सर्व मुले, जात, धर्म आणि बापाची मिळकत न पाहता, एकाच शाळेत शिकावीत आणि वीस वर्षांत ही समान शाळापद्धती देशभर यावी, असे आयोगाने सुचविले. दुसरी शिफारस पैशाची. १९६५-६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.९ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च होत होती. ती १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यावी, म्हणजे दरडोई खर्च स्थिर किमतींनुसार १२ रुपयांवरून ५४ रुपयांवर जाईल, असा हिशेब मांडला गेला.

या दोन शिफारशी परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. सहा टक्के हा आकडा आभाळातून पडलेला नव्हता. सर्वांसाठी एक बऱ्यापैकी शाळा चालवायची तर काय लागेल, याचा तो हिशेब होता. पैसा द्यायचा आणि शाळा मात्र दोन प्रकारच्या ठेवायच्या, तर वाढीव पैसा वरच्या शाळेकडे झिरपतो. शाळा एक करायची आणि पैसा द्यायचा नाही, तर ती एक शाळा सर्वांसाठीच निकृष्ट होते आणि ज्याला शक्य आहे तो तिच्यातून आपले मूल काढून घेतो. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दोन्ही गोष्टी कागदोपत्री मान्य केल्या. त्यानंतर काय झाले?

आयोगाचा हिशेब अर्थव्यवस्था दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढेल या गृहीतावर उभा होता. प्रत्यक्षात त्या काळातील सरासरी वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहिली. भाकरीच लहान भाजली गेली आणि त्या लहान भाकरीतला शिक्षणाचा तुकडाही ठरल्याएवढा मोठा झाला नाही. १९८५-८६ उजाडले तेव्हा तो ४ टक्क्यांपर्यंतही पोहोचला नव्हता. त्याहून गंभीर गोष्ट अंतर्गत वाटपाची. पहिल्या पंचवार्षिक योजनेत शिक्षणावरील नियोजित खर्चापैकी ५६ टक्के प्राथमिक शिक्षणाला मिळाले होते. दुसऱ्या योजनेत ते ३५ टक्क्यांवर आले, तिसऱ्यात ३४ आणि चौथ्यात ३०. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यसंस्था करील, असे संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदात नमूद होते. ती मुदत १९६० मध्ये संपली आणि नेमक्या त्याच काळात तळच्या शिक्षणाचा वाटा घसरत गेला. पदवी मागणारा मध्यमवर्ग संघटित होता, मतदारसंघात महाविद्यालय आणणारा पुढारी संघटित होता. पहिलीच्या वर्गातून गळणारी शेतमजुराची मुलगी संघटित नव्हती. अंदाजपत्रकाने आपली भाषा चोख बजावली.

नाईकांचे मोठेपण असे की त्यांनी आपल्याच अहवालाच्या अपयशाला संशोधनाचा विषय केले. १९७५ मध्ये समता, गुणवत्ता आणि संख्या या त्रिकोणावर त्यांनी पुस्तक लिहिले. या त्रिकोणाचे तिन्ही कोन एकाच वेळी हाती लागत नाहीत, असे त्यांना दिसले. संख्या वाढली, गुणवत्तेची बेटे निर्माण झाली, समता मात्र निसटली. आयोगानंतरच्या काळाचा हिशेबही त्यांनी स्वतंत्रपणे मांडला. स्वतः सही केलेला अहवाल का फसला, हे सांगणारे सचिव आपल्याकडे फार नाहीत.

या चिंतनातून ते एका वादग्रस्त निष्कर्षास आले. त्या काळात पहिलीत दाखल झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले पाचवी पुरी करण्यापूर्वीच शाळेबाहेर पडत. प्रशासन याला ‘गळती’ म्हणे, जणू दोष मुलांच्या हंड्यात आहे. नाईकांनी दोष नळात दाखविला. सहाव्या वर्षीच प्रवेश, सलग वर्षे, पूर्ण वेळ हजेरी ही शाळेची रचनाच सुस्थित घरांच्या सवडीवर बेतलेली आहे. गुरे राखणाऱ्या आणि धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलीच्या वेळेलाही किंमत असते आणि ‘मोफत’ शाळेत ती किंमत तिचे घर मोजत असते. म्हणून कोणत्याही वयात प्रवेश, सोयीच्या वेळी वर्ग आणि अनौपचारिक शिक्षण यांचा त्यांनी आग्रह धरला. डॉ. चित्रा नाईक यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत याच दिशेने प्रयोग केले.

यावरचा आक्षेप समाजवाद्यांनीच घ्यावयास हवा आणि तो घेतला गेलाही. श्रीमंतांना शाळा आणि गरिबांना संध्याकाळचा कंदील, अशी ही विभागणी होणार नाही काय? आक्षेप खरा ठरला. नंतरच्या सरकारांनी अनौपचारिक शिक्षण उचलले ते स्वस्त म्हणून. ज्या समान शाळेच्या जोडीने ते यावयाचे होते तिचा पत्ता नव्हता. पर्याय मांडणाऱ्या संशोधकाचा हेतू कितीही शुद्ध असो, सत्ता त्यातील आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलते, हा या प्रकरणाचा धडा आहे. उरलेल्या अर्ध्या भागाचा आग्रह धरणे अहवालाला जमत नाही. ते चळवळीचे काम असते.

नाईकांना याची जाणीव होती. १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि सदस्य-सचिव नाईक. गोखले अर्थशास्त्र संस्थेत गाडगिळांनी खेड्यांच्या आणि शहरांच्या प्रत्यक्ष पाहणीतून अर्थशास्त्र उभे केले होते. नाईकांनी शिक्षणाबाबत तोच मार्ग धरला होता. सार्वजनिक पैशावर चालणारे संशोधन स्वायत्तही असावे आणि लोकांना उत्तरदायीही, अशी ही भूमिका होती. याच काळात पाश्चात्त्य अर्थशास्त्रात थिओडोर शुल्ट्झ यांच्या मांडणीतून शिक्षण म्हणजे माणसातील गुंतवणूक, हा विचार प्रबळ झाला. शिक्षणावर खर्च करावयास तो उपयोगी युक्तिवाद आहे; परंतु तो एकटाच सोडला तर ज्या मुलावर परतावा अधिक त्याच्यावरच खर्च करा, असेही सांगू लागतो. नाईकांच्या दृष्टीने शिक्षण हा आधी न्यायाचा प्रश्न होता आणि अर्थशास्त्र हे त्या न्यायाची किंमत मोजण्याचे साधन होते. १९७८ मध्ये जयप्रकाशजींच्या प्रेरणेतील ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ने शिक्षणाचा जो पर्यायी आराखडा प्रसिद्ध केला, त्याच्या घडणीत ते होते. ३० ऑगस्ट १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज स्थिती काय आहे? सहा टक्क्यांचे वचन २०२० च्या शिक्षण धोरणानेही पुन्हा दिले आहे. १९६८ पासून ते दिले जात आहे आणि अद्याप पाळले गेलेले नाही. २००९ च्या कायद्याने शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा हक्क झाला, ही मोठी कमाई होय. त्याच कायद्यात खाजगी शाळांमध्ये दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवल्या गेल्या. महाराष्ट्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेद्वारे, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळांना यातून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, हे योग्यच झाले. परंतु मूळ प्रश्न उरतोच: जवळ असलेली जिल्हा परिषदेची शाळा गरीब आईबापांनाही पुरेशी का वाटत नाही? आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव २०२३ मध्ये मागविले गेले, तेव्हा वाडीवस्तीवरील मुलीच्या पायपिटीचा खर्च कोणत्या रकान्यात धरला होता?

हे प्रश्न घोषणेने सुटणारे नाहीत. नाईक प्रत्येक शाळेच्या स्वतंत्र नियोजनाचा आग्रह धरीत. २००९ च्या कायद्याने त्याचे एक हत्यार हाती दिले आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. सरकारी शाळांतील समितीने शाळा विकास आराखडा करावयाचा असतो आणि अनुदानाचा आधार तो आराखडा असावा, असे कायदा म्हणतो. किती गावांतील कार्यकर्त्यांनी हा आराखडा डोळ्यांनी पाहिला आहे? शिक्षकांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती. पहिलीत आलेल्यांपैकी आठवीत किती पोहोचली. मुली किती, मुले किती. आराखड्यातील मागणी किती आणि आलेली रक्कम किती. एवढे चार आकडे प्रत्येक शाखेने आपल्या गावापुरते जमविले, ग्रामसभेत वाचले आणि जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाशी ताडून पाहिले, तर त्या शाळेपुरता सहा टक्क्यांचा अर्थ उघडा पडेल.

नाईकांच्या आयोगाने हिशेब चोख केला होता. त्याची वसुली करावयास कोणी गेले नाही. ती वसुली संशोधकाच्या टेबलावर होत नसते. ती कार्यकर्त्याने करावयाची असते आणि अजून बाकी आहे.