नोंद आणि ताळा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं की, ‘तू तुझ्या कामाबद्दल दहा-पंधरा मिनिटं बोल.’ सॉफ्टवेअर म्हटलं की आपल्या वर्गातल्या निम्म्या मंडळींना मी बँकेचं नाहीतर मोबाइलचं काहीतरी करते असं वाटतं. तसं नाही. गेली बारा वर्षं मी जमिनीखालून गॅस आणि तेल नेणाऱ्या पाइपलाइनच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीवर काम करते. बसते पुण्यात, पण आमचे बहुतेक ग्राहक अमेरिकेतले आहेत. पाइपचा प्रत्येक तुकडा कधी पुरला, कोणत्या जातीच्या पोलादाचा आहे, भिंत किती जाड, जोड कसा आहे, शेवटची तपासणी कधी झाली, या सगळ्याची नोंद आमच्याकडे असते. पाइपची जन्मपत्रिकाच म्हणा ना! फरक इतकाच, की ही पत्रिका चुकली तर कुठली शांत करून भागत नाही.

हे काम रुक्ष वाटेल, पण त्यामागे माणसं गेलेली आहेत. म्हणून आज गमतीजमती बाजूला ठेवून दोन अपघातांबद्दल आणि त्यांतून झालेल्या कायद्याबद्दल बोलणार आहे.

पहिला अपघात १० जून १९९९चा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅम नावाचं शहर आहे. तिथल्या एका उद्यानाखालून पेट्रोलची १६ इंची पाइपलाइन जात होती. काही वर्षांपूर्वी खोदकाम करताना तिला मार लागला होता. त्या दिवशी दाब वाढला, तेव्हा ती नेमकी तिथेच फुटली. २ लाख ३७ हजार गॅलन पेट्रोल ओढ्यात उतरलं आणि पेटलं. दहा वर्षांची दोन मुलं आणि अठरा वर्षांचा एक तरुण गेला. नियंत्रण कक्षातल्या लोकांना वेळेत काही करता का आलं नाही? इथे माझ्या व्यवसायाचा संबंध येतो. पाइपलाइन ज्या संगणकावरून चालवली जात होती, त्याच चालू संगणकावर कुणीतरी डेटाबेसचं काम करत होतं. प्रणाली अडकली आणि ऐन वेळी पडद्यासमोरची माणसं हतबल झाली. आमच्या क्षेत्रात नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला मी ही हकिगत सांगते. चालू यंत्रणेवर प्रयोग करायचे नाहीत, हा नियम कुणा साहेबाची लहर म्हणून आलेला नाही.

या आणि अशा अपघातांनंतर अमेरिकेत ‘इंटेग्रिटी मॅनेजमेंट’चे नियम आले. आधी तेलाच्या पाइपलाइनसाठी, मग २००२च्या कायद्यानंतर गॅसच्या मोठ्या पाइपलाइनसाठी. त्यामागचा विचार सोपा आहे. हजारो मैलांची पाइपलाइन सरकारी माणूस चालत जाऊन तपासू शकत नाही. म्हणून कंपनीनेच आधी पाहायचं, की आपली पाइपलाइन दाट वस्तीजवळून कुठे जाते. तिथल्या प्रत्येक तुकड्याला कशाचा धोका आहे ते ठरवायचं : गंजाचा, खराब जोडाचा, की खोदकामाचा. धोका ओळखून त्याला योग्य अशी तपासणी करायची, सापडलेला दोष मुदतीत दुरुस्त करायचा आणि या सगळ्याच्या नोंदी ठेवायच्या. नियामकाने येऊन त्या नोंदी पाहायच्या.

थोडक्यात, गृहपाठ कंपनीचा आणि तपासायचं सरकारने. पण गृहपाठाच्या वहीत मुळातलं गणितच चुकीचं उतरवलेलं असेल तर काय होतं, ते दुसऱ्या अपघातात दिसलं.

९ सप्टेंबर २०१०, संध्याकाळी सहाच्या सुमाराला. जागा कॅलिफोर्नियातलं सॅन ब्रुनो. आपल्यातल्या ज्यांची मुलं किंवा भावंडं बे एरियात आहेत, त्यांना हे गाव सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळाला लागून आहे हे माहीत असेल. म्हणूनच स्फोट झाला तेव्हा अनेकांना आधी विमान कोसळलं असंच वाटलं. प्रत्यक्षात रस्त्याखालची पीजी अँड ई कंपनीची ३० इंची गॅस पाइपलाइन फुटली होती. सुमारे २८ फूट लांबीचा पोलादी तुकडा उडून शंभर फुटांवर पडला. आठ माणसं मेली, ३८ घरं जळून गेली. आणि गॅसचा प्रवाह बंद करायला ९५ मिनिटं लागली, कारण तिथले व्हॉल्व्ह माणसाने जागेवर जाऊन हाताने बंद करायचे होते.

अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेने २०११मध्ये अहवाल दिला. मी तो पुनःपुन्हा वाचला आहे. कंपनीच्या संगणकातली नोंद सांगत होती की १९५६ साली पुरलेला हा पाइप ‘सीमलेस’, म्हणजे उभा जोडच नसलेला आहे. जमिनीतून निघाले ते लहान लहान तुकडे एकमेकांना जोडून केलेले पाइप, आणि त्यांतल्या काहींच्या उभ्या जोडाला आतून वेल्डिंगच नव्हतं. गंमत म्हणजे त्या काळी अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त कारखान्यांकडे ३० इंची सीमलेस पाइप मिळतच नव्हता. म्हणजे ती नोंद वाचूनच जाणकाराला शंका यायला हवी होती. ती कुणालाही आली नाही.

आता पुढची साखळी पाहा. नोंदीत जोड नाही, म्हणून खराब जोडाचा धोका नाही. धोका नाही, म्हणून जोड तपासणारी चाचणी नको. मग कंपनीने बाहेरचा गंज शोधण्याची पद्धत निवडली. त्या पद्धतीला जोडातला दोष दिसणं शक्यच नव्हतं. तपासणी झाली, अहवाल लिहिले गेले, रकाने भरले गेले. कागदावर सगळं नियमाप्रमाणे होतं.

आपल्या गणिताच्या बाई आज इथे बसल्या आहेत. उत्तराखाली ताळा नसेल तर बाई पूर्ण गुण देत नसत, हे इथल्या प्रत्येकाला आठवत असेल. पाइपलाइनलाही ताळा असतो. तिच्यात पाणी भरायचं आणि रोजच्यापेक्षा जास्त दाब देऊन पाहायचं. कच्चा जोड असेल तर तिथेच फुटतो, आणि पाणी असल्यामुळे कुणाचा जीव जात नाही. पण १९७०मध्ये अमेरिकेत देशभराचे सुरक्षानियम आले, तेव्हा जुन्या पाइपलाइनना या ताळ्यातून सूट मिळाली. ‘आजवर जेवढ्या दाबाने चालल्या तेवढ्या चालू द्या,’ असा त्याचा अर्थ. सॅन ब्रुनोचा तुकडा याच सवलतीत बसला. पुरला तेव्हा चाचणी घेतली असती तर तो दोष बहुधा तेव्हाच उघडा पडला असता, असं एनटीएसबीने म्हटलं आहे. चोपन्न वर्षं त्या रस्त्यावर मुलं सायकली चालवत होती.

तुम्ही विचाराल, नियामक काय करत होता? राज्याचा नियामक तपासणीला येत असे. पण कंपनीच्या कार्यक्रमातल्या त्रुटी त्याच्या लक्षात आल्या नाहीत, असा ठपका चौकशीत त्याच्यावरही आला. पुढे २०१४मध्ये कंपनीचे अधिकारी आणि नियामक यांच्यातला खाजगी पत्रव्यवहार उघड झाला. आपलं प्रकरण कोणत्या न्यायाधीशाकडे जावं याचीही त्यात चर्चा होती. कंपनीला तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांना काढावं लागलं. परीक्षक आणि परीक्षार्थी यांची एवढी गट्टी जमली, तर पेपर कितीही कठीण काढून उपयोग काय?

शिक्षा झाली. २०१५मध्ये राज्याच्या नियामकाने १६० कोटी डॉलरचा दंड केला. त्यातले ८५ कोटी गॅसयंत्रणा सुरक्षित करण्यावरच आणि तेही भागधारकांच्या पैशातून खर्च करायचे होते. २०१६मध्ये केंद्रीय न्यायालयात ज्युरीने कंपनीला सुरक्षाकायदा जाणूनबुजून मोडल्याबद्दल पाच आणि चौकशीत अडथळा आणल्याबद्दल एक, अशा सहा आरोपांत दोषी ठरवलं. त्या खटल्यातला दंड मात्र फक्त ३० लाख डॉलर, कारण कायद्यातली कमाल मर्यादाच तेवढी होती. एकाही व्यक्तीवर आरोप ठेवला गेला नाही. आठ घरांतल्या लोकांना यात न्याय दिसला का, हे मी इथून सांगू शकत नाही.

पण मला सर्वात महत्त्वाची वाटते ती एक शिफारस. अपघातानंतर चार महिन्यांच्या आत एनटीएसबीने सांगितलं : पाइपलाइनचा कमाल दाब ज्या नोंदींवर ठरवता, त्या मुळापर्यंत शोधता येतील अशा, पडताळता येतील अशा आणि पूर्ण असल्या पाहिजेत. मग कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका प्रचंड सभागृहात जुन्या कागदांची हजारो खोकी आणून ओतली आणि माणसं रात्रंदिवस कागद शोधत बसली. हीच शिफारस २०१९च्या केंद्रीय नियमांत आली. ज्यांच्याकडे असा पुरावा नाही, त्यांनी चाचणी घ्या, दाब कमी करा, पाइप बदला किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने खात्री करून द्या. सगळं काम पुरं करण्याची मुदत २०३५ आहे.

माझ्या कामात हे कसं येतं ते सांगते. एका ग्राहक कंपनीची जुनी माहिती आम्ही नव्या प्रणालीत आणत होतो. शेकडो तुकड्यांचा ‘जोडाचा प्रकार’ हा रकाना रिकामा होता. त्यांच्या अधिकाऱ्याचं म्हणणं, ‘त्या वर्षी साधारण जो पाइप वापरत तो घाला. रिकामं दिसायला नको.’ माझ्या टीमचं म्हणणं, की रकान्यात ‘अज्ञात’ हा शब्द चालला पाहिजे, आणि प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या कागदावरून आली हे लिहिलंच पाहिजे. वाद तीन आठवडे चालला. काम लांबलं, आमच्या वरिष्ठांनीही मला ‘ग्राहक म्हणतो ते कर’ असं सुचवून पाहिलं. शेवटी ‘अज्ञात’ राहिलं, कारण अंदाज कुणी घातला त्याचं नाव प्रणालीत दिसेल असं आम्ही सांगितलं, आणि आपलं नाव द्यायला कुणी तयार होईना.

पुढच्या वर्षी तिथे सरकारी तपासनीस आल्या. त्यांनी नकाशावर मनाला येईल तिथे तीन ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘याचा मूळ कागद दाखवा.’ दोन निघाले. तिसऱ्यापुढे ‘अज्ञात’ होतं. कंपनीला नोटीस मिळाली, मुदत मिळाली, तोवर दाब कमी ठेवावा लागला. मग खणून पाहिलं, तर जोड त्या अधिकाऱ्याने सुचवलेल्या प्रकारचा नव्हता. तो तुकडा बदलला. बातमी कुठेही आली नाही, कारण काही घडलंच नाही. नियमाची अंमलबजावणी नीट झाली की अशीच दिसते : काही न घडल्यासारखी.

आता आपल्याकडचं. भारतात पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा २००६चा आहे आणि गॅस पाइपलाइनसाठी इंटेग्रिटी मॅनेजमेंटचे नियम २०१२चे. नियम आल्यावर दोनच वर्षांनी, २७ जून २०१४ला, आंध्र प्रदेशातल्या नगरम गावात भल्या पहाटे गेलची पाइपलाइन फुटली आणि वीसहून जास्त माणसं गेली. म्हणजे नियम छापला की काम संपत नाही. तो विचारणारा माणूस लागतो, आणि त्याला खरं उत्तर देणारा माणूसही लागतो.

मुंबई-पुण्यात आता पाइपचा गॅस घरोघरी आला आहे, आणि इतर शहरांतही रस्ते खणले जाताहेत. आपल्या बॅचमध्ये कंत्राटदार आहेत, नगरपालिकेत इंजिनिअर आहेत, सोसायट्यांचे सेक्रेटरी तर डझनभर आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे : जेसीबी लावण्याआधी खाली काय आहे ते विचारा. त्यासाठी केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २०२३पासून आहे. आणि खणताना पाइपला जरासा धक्का लागला, तर माती लोटून पुढे जाऊ नका, लगेच कळवा. बेलिंगहॅमला पाइप पुढे जिथे फुटला, तो मार आधीच्या खोदकामातलाच होता.

आणि जे जे कुठल्याही कागदावर सही करतात, म्हणजे डॉक्टर, सीए, शिक्षक, आम्ही सॉफ्टवेअरवाले, त्या सगळ्यांसाठी एवढंच, की ‘माहीत नाही’ हे उत्तर लिहायला लाजू नका. रिकाम्या रकान्याकडे निदान कुणाचं तरी लक्ष जातं. अंदाजाने भरलेल्या रकान्याकडे पुन्हा कुणी पाहत नाही.

तुमच्याकडे तपासनीस येतील तेव्हा त्यांना चहा जरूर द्या, पण आधी कागद दाखवा. त्यांनी ‘हे कशावरून?’ असं विचारलं तर राग मानू नका. तो प्रश्न विचारणारे लोक या शाळेत आपल्याला दहा वर्षं मिळाले, हे आपलं भाग्य.